बोटभर खेळ

लिवाच्या वळणापासून गाडी ऐकत नव्हती.
समुद्राकडून वारा आला की
आधी त्याचं ऐकायची, मग माझं.
स्टीअरिंग चार बोटं फिरायचं
आणि चाकांना पत्ताच नसायचा.
पाचव्या बोटाला ती दचकून वळायची,
मागच्या बाकावरचं पोर
नाव दुसऱ्यांदा पुकारल्यावर उठतं तशी.

सोहारच्या सनाइयात, पहिल्या गॅरेजात,
कुणीतरी बॉक्सचा स्क्रू आवळून दिला.
चार रियाल घेतले.
खेळ गेला. खरंच गेला.
पण त्या दिवसापासून
गोल चौकातून बाहेर पडताना
स्टीअरिंग आपणहून सरळ व्हायचंच विसरलं.
दर वळणानंतर मीच त्याला घरी आणायचे,
दोन्ही हातांनी ओढत.

दुसऱ्या गॅरेजची पाटी अरबीत होती.
आत एक म्हातारा, दाढीला मेंदी.
बॉनेट उघडल्या उघडल्या म्हणाला,
"स्क्रू को किसने हाथ लगाया?"
मी गुन्हा कबूल केल्यासारखी गप्प.

त्याने जॅक लावला. पुढचं चाक
घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरून हलवलं,
मग बारा आणि सहावर.
पोट दाबताना डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात,
तसा लांब कुठेतरी बघत.
"बेअरिंग ठीक. बॉलजॉइंट ठीक."

मदतनीस पोरगा जेवायला गेलेला,
म्हणून मीच बसले आत.
चाकं पुन्हा जमिनीवर, इंजिन चालू.
तो पुठ्ठा अंथरून खाली सरकला.
बाहेर उरल्या फक्त चपला,
एकीच्या अंगठ्याला सुतळी.

"थोडा लेफ्ट. थोडा राइट. जास्ती नहीं."
बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे.
मला दिसत काहीच नव्हतं.
तो कुठल्या सांध्यावर हात ठेवून आहे
ते आवाज सरकला की कळायचं:
डाव्या चाकापाशी, मग मधोमध,
मग उजवीकडे, जिथे
माझा हात जरा घाईत फिरला —

"थांब गो बाय, बोट गावला माजा!"

मी थांबले.
खालून तोही गप्प.
अकरा वर्षांत इथे कुणी मला बाय म्हटलं नव्हतं.
मॅडम, टीचर, सिस्टर,
एकदा पार्किंगमध्ये, ए इंडिया.
मी खिडकीतून वाकले.
"लागला काय खूप?"
आणि माझ्याच तोंडातली ती बोली
मला ओळखू यायला क्षण गेला.

खालून हसू आलं, मग खोकला.
"नाय. पन रोगपन गावला."

आयडलर आर्मचं बुश.
काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवलं:
पोकळ, सुपारीएवढं,
आतलं भोक झिजून लंबुळकं.
एवढ्याशाने दोन टन लोखंड बहकवलेलं.

नवीन बुश समोरच्या दुकानातून येईतो
कळलं, तो हर्णैचा, हमजा खतीब.
वडील बंदरावर लाँचींची इंजिनं उघडायचे.
मी केळशीची.
"म्हायारची का सासरची?"
म्हायारची.
मधे आंजर्ल्याची खाडी तेवढी.
त्यावर आम्ही दोघंही फार काही बोललो नाही.
चहात वेलची जास्त होती.

बुश बसलं. नटात नवी स्प्लिट पिन;
जुनी सरळ करून पुन्हा घालू नये म्हणाला,
ती वाकायला शिकलेली असते.
मग बॉक्सचा तो स्क्रू
पाव फेरा सैल, हलवून बघ,
आणखी पाव फेरा.
मी म्हटलं, अजून थोडं हलतंय.
"हलूदे. बोटभर ऱ्हायला पायजे.
सगला आवलला, तर वलल्यावर परत येयाचा नाय."

पैसे मात्र त्याने हिंदीत सांगितले.
नऊ रियाल, अलाइनमेंट अलग.

संध्याकाळी, चौकात, वळण संपताना
मी पकड सैल केली.
स्टीअरिंग तळव्यांखालून
सरसरत सरळ झालं, कुणी न सांगता.

माझा रस्ता आला होता.
मी सोडला,
आणि चौकाला आणखी एक फेरी मारली.